वार, चीक आणि विषाणू

एचआयव्हीची बाधा असलेल्या गर्भवतीवर कोणताही उपचार झाला नाही, तर तिच्या बाळाला बाधा होण्याचे प्रमाण शंभरात १५ ते ४५ इतके असते. हा आकडा भयावह आहेच, पण वैद्यकशास्त्राला अधिक बुचकळ्यात टाकले ते त्याच्या दुसऱ्या बाजूने. नऊ महिने आईच्या रक्तापासून काही सहस्रांश मिलिमीटर अंतरावर वाढणारे, जन्मताना तिच्या रक्तात आणि स्रावांत माखून निघणारे आणि त्यानंतर महिनोन्‌महिने तिचे दूध पिणारे मूल बहुसंख्य वेळा या विषाणूच्या तावडीतून सुटते, हे कसे घडते याचे उत्तर शोधता शोधताच बाधा रोखण्याचे उपाय हाती आले. त्या शोधाचा काळ साधारणपणे १९८२ पासून २०१५ पर्यंतचा असून, प्रयोगशाळेत रेणूंच्या पातळीवर काय उलगडले आणि प्रसूतिकक्षात त्यातले काय पोचले, या दोहोंमधील अंतर हा त्याचा सर्वांत क्लेशदायक भाग आहे.

जून १९८१ मध्ये अमेरिकेतील तरुण समलिंगी पुरुषांमध्ये दिसलेल्या अनाकलनीय न्यूमोनियाची पहिली नोंद प्रसिद्ध झाली, तेव्हा लहान मुलांचा विचारही कोणाच्या मनात नव्हता. १७ डिसेंबर १९८२ रोजी अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राच्या साप्ताहिकात न्यू यॉर्क, न्यू जर्सी आणि कॅलिफोर्निया येथील चार बालकांची हकिगत छापून आली. या बालकांची प्रतिकारशक्ती ढासळलेली होती आणि निरोगी मुलांना सहसा न होणारे संसर्ग त्यांना जडले होते. न्यूअर्क येथील जेम्स ओलेस्की आणि न्यू यॉर्कच्या ब्राँक्स भागातील आर्य रुबिनस्टाइन या दोन बालरोगतज्ज्ञांनी आपापल्या रुग्णांविषयी लिहिलेले लेख मे १९८३ मध्ये अमेरिकन वैद्यक संघटनेच्या नियतकालिकाच्या एकाच अंकात प्रसिद्ध झाले, परंतु त्यांतून निघालेले अर्थ निराळे होते. घरातील नित्याच्या सहवासातूनही हा आजार पसरत असावा अशी शंका ओलेस्की यांच्या लेखामुळे पसरली आणि तिने समाजात अकारण घबराट निर्माण केली. रुबिनस्टाइन यांचा भर मात्र या मुलांच्या आयांवर होता, कारण त्यांपैकी अनेक जणी स्वतः आजारी होत्या. काळाने त्यांचीच बाजू खरी ठरवली. त्याच महिन्यात पॅरिसच्या पाश्चर संस्थेतील फ्रांस्वाज बारे-सिनूसी आणि ल्यूक माँतान्ये यांच्या गटाने एका रुग्णाच्या लसिकाग्रंथीतून वेगळ्या केलेल्या नव्या विषाणूचे वर्णन प्रसिद्ध केले. १९८५ मध्ये त्याच्या प्रतिपिंडांची, म्हणजे विषाणूशी लढण्यासाठी शरीराने तयार केलेल्या प्रथिनांची, रक्तचाचणी उपलब्ध झाली आणि १९८६ मध्ये विषाणूला एचआयव्ही हे नाव मिळाले.

याच १९८५ साली ऑस्ट्रेलियातील सिडनी येथून आलेल्या एका छोट्या टिपणाने चिंतेत मोठी भर घातली. एका स्त्रीला प्रसूतीनंतर रक्त चढवावे लागले होते, ते रक्त बाधित दात्याचे निघाले, आणि तिने अंगावर पाजलेल्या बाळालाही पुढे बाधा झाल्याचे दिसून आले. गर्भारपणी आई निरोगी होती, तेव्हा विषाणू बाळापर्यंत पोचण्याची सर्वांत संभाव्य वाट दुधाचीच उरत होती. एकट्या रुग्णाच्या नोंदीवरून शास्त्रात सहसा निष्कर्ष काढले जात नाहीत, पण या नोंदीत प्रसूती आणि संसर्ग यांचा क्रम इतका स्वच्छ होता की तिच्याकडे दुर्लक्ष करणे शक्य नव्हते.

पुढील शोधांचा अर्थ लागण्यासाठी विषाणूची रचना ध्यानात घ्यावी लागते. एचआयव्हीचा वारसा डीएनएच्या नव्हे तर आरएनएच्या स्वरूपात असतो आणि त्याची लांबी जेमतेम साडेनऊ हजार अक्षरांची आहे. त्याच्या बाह्य आवरणावर जीपी१२० नावाच्या प्रथिनाचे उंचवटे असतात, आणि या प्रथिनाचे जवळजवळ अर्धे वजन त्यावर चिकटलेल्या शर्करा-साखळ्यांचे असते. या साखळ्यांच्या आड विषाणू प्रतिपिंडांपासून लपून राहतो. जीपी१२० आधी मानवी पेशीवरील सीडी४ या रेणूला चिकटते. त्यामुळे त्याचा आकार बदलतो आणि पेशीवरील दुसऱ्या रेणूला, बहुधा सीसीआर५ला, धरण्याजोगा भाग उघडा पडतो. ही दुसरी पकड बसली की आवरणातील जीपी४१ हे प्रथिन पेशीच्या पटलात रुतते आणि विषाणूचे आवरण पेशीत विलीन होते. आत शिरल्यावर रिव्हर्स ट्रान्सक्रिप्टेज हे विकर, म्हणजे रासायनिक क्रिया घडवून आणणारे प्रथिन, आरएनएवरून डीएनएची प्रत बनवते आणि ती प्रत पेशीच्या स्वतःच्या गुणसूत्रात जोडली जाते. हे विकर नक्कल करताना झालेल्या चुका दुरुस्त करत नाही. परिणामी एका बाधित व्यक्तीच्या शरीरात एकच विषाणू नसून किंचित वेगवेगळ्या असंख्य उपप्रकारांचा समुदाय नांदत असतो. बाळाला बाधा होते तेव्हा या समुदायातील कोण पलीकडे जातो, हा प्रश्न १९९० नंतर महत्त्वाचा ठरला.

त्याआधी सोडवायचा प्रश्न बाधा नेमकी केव्हा होते हा होता, आणि तिथे नेहमीची चाचणी कुचकामी होती. आईचे प्रतिपिंड वारेतून बाळाला मिळतात. वारेच्या पेशींवरील एक विशिष्ट ग्राही रेणू, म्हणजे ठरावीक प्रथिनाला पकडणारा रेणू, आईच्या रक्तातील प्रतिपिंड उचलतो आणि गर्भाच्या रक्तात नेऊन सोडतो. निसर्गाची ही सोय बाळाला अनेक रोगांपासून वाचवते, पण तिच्यामुळे बाधित आईचे प्रत्येक बाळ जन्मतः प्रतिपिंड-चाचणीत बाधित दिसते आणि हे उसने प्रतिपिंड पूर्णपणे विरायला दीड वर्षापर्यंत अवधी लागू शकतो. विषाणूचाच डीएनए शोधणारी पीसीआर चाचणी हाती आल्यावर हा अडसर दूर झाला. १९९२ मध्ये संशोधकांनी कामचलाऊ पण उपयुक्त व्याख्या ठरवली, ती अशी की जन्मानंतर ४८ तासांच्या आत विषाणू सापडला तर बाधा गर्भाशयात झाली असे मानावे, आणि पहिल्या आठवड्यात तो न सापडता नंतर सापडला तर बाधा प्रसूतीच्या वेळी झाली असे धरावे. या कसोटीने पाहता, अंगावर न पाजलेल्या मुलांमधील बहुतेक बाधा गर्भारपणाच्या अगदी अखेरीस आणि प्रत्यक्ष बाळंतपणात होत असल्याचे स्पष्ट झाले.

जुळ्यांच्या अभ्यासाने या निष्कर्षाला एक विलक्षण पुरावा दिला. अनेक देशांतून गोळा केलेल्या जुळ्यांच्या नोंदी १९९१ मध्ये ‘लॅन्सेट’ मध्ये प्रसिद्ध झाल्या, तेव्हा आधी जन्मलेल्या मुलाला बाधा होण्याचा धोका नंतर जन्मलेल्या भावंडापेक्षा बराच अधिक असल्याचे आढळले. नैसर्गिक प्रसूतीत पहिल्या जुळ्यांपैकी निम्म्यांना बाधा झाली होती, तर दुसऱ्यांमध्ये हे प्रमाण १९ टक्के होते. एकाच गर्भाशयात एकाच आईच्या रक्तावर वाढलेल्या दोघांमध्ये हा फरक पडतो, याचा अर्थ जन्ममार्गात शिरणारे पहिले मूल तेथील रक्त आणि स्राव अधिक काळ अंगावर घेते. प्रसूतीच्या कळांमध्ये वारेच्या सूक्ष्म भेगांतून आईच्या रक्ताचे अत्यल्प थेंब बाळाच्या रक्ताभिसरणात उतरतात, हा दुसरा मार्गही पुढे लक्षात आला. कळा सुरू होण्याआधीच ठरवून केलेल्या सिझेरियन शस्त्रक्रियेने बाधा लक्षणीयरीत्या घटते, हे १९९९ मध्ये युरोपातील चाचणीने दाखवले. त्या चाचणीत सिझेरियनसाठी निवडलेल्या गटात १.८ टक्के, तर नैसर्गिक प्रसूतीच्या गटात १०.५ टक्के बालके बाधित निघाली.

गर्भाशयातील महिन्यांमध्ये बाळ बहुधा सुरक्षित राहते याचे श्रेय वारेच्या रचनेला आहे. आईच्या रक्तात बुडालेला वारेचा बाह्य थर सुट्या पेशींचा नसतो. असंख्य पेशी एकमेकींत विलीन होऊन त्यांचा अनेक केंद्रके असलेला एकसंध पापुद्रा बनलेला असतो, त्यामुळे दोन पेशींमधून घुसायला फटच उरत नाही. विषाणूला धरायला लागणारा सीडी४ रेणूही या थरावर जवळजवळ नसतोच. या पेशींना एकमेकींत मिसळवणाऱ्या प्रथिनाला सिन्सिटिन म्हणतात, आणि २००० मध्ये सिद्ध झाले की त्याचे जनुक मुळात एका पुरातन रेट्रोव्हायरसच्या आवरणाचे जनुक आहे. रेट्रोव्हायरस म्हणजे एचआयव्हीच्याच घराण्यातील विषाणू. कोट्यवधी वर्षांपूर्वी मानवाच्या पूर्वजांच्या जनुकसंग्रहात अडकून पडलेल्या एका विषाणूचे पेशी जोडण्याचे कसब निसर्गाने वार बांधायला वापरले आणि तीच भिंत आज त्याच्या दूरच्या नातलगाला अडवते, हे जीवशास्त्रातील सर्वांत आश्चर्यकारक सत्यांपैकी एक मानले पाहिजे. भिंत अर्थात अभेद्य नाही. वारेला सूज आली, जंतुसंसर्ग झाला किंवा मलेरियाने ती खराब झाली की तडे पडतात. आतल्या बाजूला गर्भाच्या हॉफबाउर पेशी, म्हणजे वारेतील भक्षक पेशी, असतात, त्यांच्यावर सीडी४ आणि सीसीआर५ दोन्ही असतात, परंतु विषाणू आत घेतल्यानंतरही त्या त्याला फारसे वाढू देत नाहीत.

पलीकडे जाणारा विषाणू कोणता, या प्रश्नाचे पहिले ठोस उत्तर स्टीव्हन वोलिन्स्की आणि सहकाऱ्यांनी १९९२ मध्ये ‘सायन्स’ मध्ये दिले. आई आणि बाळाच्या मोजक्या जोड्यांमधील विषाणूंच्या आवरण-जनुकांची अक्षरे त्यांनी ताडून पाहिली, तेव्हा आयांच्या रक्तात विविध उपप्रकारांची गर्दी असताना बाळांमध्ये मात्र जवळजवळ एकसारखाच विषाणू दिसला. तो आईच्या रक्तातला बहुसंख्य उपप्रकार असेल असे वाटावे, पण तो अल्पसंख्यांपैकी एक निघाला. पुढील वर्षांतील अभ्यासांनी हे चित्र सर्वसाधारणपणे पक्के केले. बहुतेक बाधित बालकांमध्ये संसर्गाची सुरुवात एका, फार तर थोड्या विषाणूंपासून होते आणि ते प्रामुख्याने सीसीआर५चा वापर करणारे असतात. केनियातील नैरोबी येथील जोड्यांवर झालेल्या, २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात बाळाकडे गेलेल्या विषाणूंच्या आवरणावर शर्करा-साखळ्यांच्या जागा तुलनेने कमी आढळल्या आणि आईच्या प्रतिपिंडांना ते विशेष दाद देत नव्हते. आईचेच प्रतिपिंड बाळाच्या अंगात पहारा देत असल्याने त्या पहाऱ्याला चकवणाराच आत टिकतो, हा याचा तर्कसंगत अर्थ आहे, जरी सर्व अभ्यास या तपशिलावर एकमुखी नाहीत. व्यवहाराच्या दृष्टीने त्यातून निघालेली गोष्ट मात्र निर्विवाद होती. विषाणूला बाळाकडे जाण्याची वाट काळाने आणि संख्येने अतिशय अरुंद आहे, म्हणून त्या वाटेवर अल्पकाळ जरी औषध उभे राहिले तरी ती बंद होऊ शकते.

ते औषध हाताशी होते. डेट्रॉइट येथे जेरोम हॉरविट्झ यांनी १९६४ मध्ये कर्करोगासाठी तयार केलेले आणि तिथे अपयशी ठरलेले झिडोव्हुडिन ऊर्फ एझेडटी १९८७ मध्ये एड्सवरील पहिले औषध म्हणून मान्य झाले होते. त्याचा रेणू डीएनएमधील थायमिडिन या घटकासारखा दिसतो, म्हणून विषाणूचे विकर त्याला भुलून साखळीत ओवते. पण पुढचा मणी जोडायला लागणाऱ्या ठिकाणी त्याच्यावर नायट्रोजनचा एक निरुपयोगी गट असल्याने साखळी तिथेच खुंटते. अमेरिका आणि फ्रान्समध्ये १९९१ पासून चाललेल्या ०७६ क्रमांकाच्या चाचणीत गर्भवतींना १४व्या ते ३४व्या आठवड्यांदरम्यान केव्हातरी एझेडटीच्या गोळ्या सुरू करण्यात आल्या, कळांच्या वेळी ते शिरेतून दिले गेले आणि बाळाला सहा आठवडे त्याचे सरबत पाजण्यात आले. निम्म्या स्त्रियांना दिसायला तशीच पण औषधहीन गोळी मिळत होती. फेब्रुवारी १९९४ मध्ये मधल्या टप्प्यावरच चाचणी थांबवण्यात आली, कारण औषधहीन गटात २५.५ टक्के आणि एझेडटीच्या गटात ८.३ टक्के बालके बाधित आढळली होती आणि हा फरक पाहिल्यावर कोणालाही औषधाविना ठेवणे अन्यायाचे ठरले असते.

या निकालामागची यंत्रणा दोन वर्षांनी उघड झाली आणि ती अपेक्षेहून वेगळी होती. एझेडटीने आईच्या रक्तातील विषाणू कमी केले म्हणून बाळ वाचले, असा सर्वांचा समज होता. १९९६ मधील विश्लेषणात मात्र या घटीने एकूण संरक्षणाचा सुमारे १७ टक्केच हिस्सा उलगडत होता. उरलेले काम औषध बाळाच्या शरीरात करत होते. ते वारेतून सहज पलीकडे जाते, त्यामुळे आईच्या रक्ताचा थेंब आत येण्याआधीच बाळाच्या पेशींमध्ये ते सज्ज असते. आईच्या रक्तातील विषाणूंची संख्या मात्र गौण नव्हतीच. १९९९ च्या एका अमेरिकी अभ्यासात प्रति मिलिलिटर एक हजारांहून कमी प्रती असलेल्या ५७ स्त्रियांपैकी एकीच्याही बाळाला बाधा झाली नाही आणि एक लाखाहून अधिक प्रती असलेल्यांमध्ये हे प्रमाण ४०.६ टक्के होते.

०७६ चा उपचार महाग आणि गुंतागुंतीचा होता. जिथे बाधित गर्भवतींची संख्या सर्वाधिक होती त्या आफ्रिकेत शिरेतून औषध देण्याची सोयच नव्हती, म्हणून स्वस्त आणि आटोपशीर पर्याय शोधण्यासाठी आफ्रिका आणि थायलंडमध्ये चाचण्या आखण्यात आल्या. त्यांतील कित्येकांत पुन्हा औषधहीन गोळीचा गट होता, आणि परिणामकारक औषध ठाऊक असताना गरीब देशांतील स्त्रियांना ते नाकारणे नीतीला धरून आहे का, यावरून १९९७ मध्ये वैद्यकविश्वात मोठा वाद पेटला. फेब्रुवारी १९९८ मध्ये बँकॉकच्या चाचणीने उत्तर दिले. ३६व्या आठवड्यापासून फक्त एझेडटीच्या गोळ्या दिल्याने, अंगावर न पाजणाऱ्या स्त्रियांमध्ये बाधेचे प्रमाण १८.९ वरून ९.४ टक्क्यांवर आले आणि इतर चाचण्यांतील औषधहीन गट बंद झाले.

सप्टेंबर १९९९ मध्ये युगांडातील कंपाला येथून आलेली बातमी आणखी मोठी होती. नेव्हिरापिन हे औषध रिव्हर्स ट्रान्सक्रिप्टेजच्या कार्यस्थळालगतच्या एका खोबणीत बसून विकराचा आकारच बिघडवते. ते वारेतून झपाट्याने जाते आणि रक्तात अनेक दिवस टिकते. कळा सुरू झाल्यावर आईला २०० मिलिग्रॅमची एक गोळी आणि जन्मानंतर तीन दिवसांच्या आत बाळाला सरबताचा एक डोस, एवढ्यावर १४ ते १६ आठवड्यांच्या वयात बाधेचे प्रमाण १३.१ टक्के राहिले, तर अल्पकालीन एझेडटी दिलेल्या गटात ते २५.१ टक्के होते. दोन्ही डोसांची किंमत चार डॉलरच्या आसपास होती.

याच गुणात दोषही दडला होता. नेव्हिरापिन रक्तात रेंगाळते, म्हणून आईच्या अंगातील विषाणूंचा समुदाय कित्येक दिवस अपुऱ्या मात्रेला सामोरा जातो, आणि विकरातील १०३व्या जागेवरच्या लायसिन या अमिनो आम्लाऐवजी अ‍ॅस्पॅराजिन आले की औषध खोबणीत बसत नाही. या बदलासाठी जनुकातील एकच अक्षर बदलणे पुरेसे असते, त्यामुळे असे प्रतिरोधी विषाणू आईच्या शरीरात आधीपासूनच तुरळक असतात आणि एका डोसने त्यांनाच मोकळे रान मिळते. पुढे त्याच स्त्रीला स्वतःच्या जिवासाठी नेव्हिरापिन लागले, तर ते लवकर सुरू केल्यास कमी परिणामकारक ठरते, हे थायलंड आणि बोट्स्वानातील अभ्यासांनी दाखवले. एका डोसच्या त्या काळात आईकडे बाळापर्यंत पोचण्याचे साधन म्हणून पाहिले गेले आणि तिच्या पुढील आयुष्याचा विचार मागे पडला. हा दोष धोरणाचा होता, औषधाचा नव्हता.

दक्षिण आफ्रिकेत तर एवढेही मिळेना. जुलै २००० मध्ये डर्बन येथे भरलेल्या जागतिक एड्स परिषदेत, जन्मतः बाधित असलेल्या ११ वर्षांच्या एन्कोसी जॉन्सनने गर्भवतींना औषध देण्याची मागणी जगासमोर केली आणि पुढच्याच वर्षी जूनमध्ये तो मरण पावला. नेव्हिरापिन बनवणाऱ्या कंपनीने ते पाच वर्षे मोफत देऊ केले होते. तरीही राष्ट्राध्यक्ष थाबो म्बेकी यांच्या सरकारने एचआयव्ही आणि एड्स यांच्या संबंधावरच शंका घेणाऱ्यांना जवळ केले आणि औषध प्रत्येक प्रांतातील दोनच प्रायोगिक केंद्रांपुरते मर्यादित ठेवले. ट्रीटमेंट अ‍ॅक्शन कॅम्पेन या संघटनेने ऑगस्ट २००१ मध्ये न्यायालयात धाव घेतली आणि ५ जुलै २००२ रोजी तेथील संविधान न्यायालयाने एकमताने निर्बंध उठवण्याचा आदेश दिला. २००८ मध्ये हार्वर्डच्या संशोधकांनी काढलेल्या अंदाजानुसार या दिरंगाईमुळे सुमारे ३५,००० बालके बाधित जन्मली. यंत्रणा ज्ञात, औषध फुकट आणि उपचार एका गोळीचा असताना घडलेल्या या हानीला अज्ञानाची सबब लागू पडत नाही.

प्रसूतीची वाट अशी अडवता आली तरी दुधाची वाट खुलीच होती. आईच्या दुधात, विशेषतः पहिल्या दिवसांच्या चिकात, बाधित पेशी असतात आणि सुटे विषाणूही असतात. त्यांची संख्या रक्तातील संख्येच्या सुमारे शंभरावा हिस्सा असते, पण बाळ दिवसाकाठी अर्धा-पाऊण लिटर दूध पिते आणि हे महिनोन्‌महिने चालते. स्तनाला सूज आली, अगदी बाहेरून न दिसणारी आली, तरी पेशींमधील सांधे सैल होतात आणि दुधातील सोडियम व विषाणू दोन्ही वाढतात. नैरोबीत झालेल्या आणि २००० मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत दोन वर्षांच्या वयापर्यंत अंगावर पाजलेल्या गटात ३६.७ टक्के आणि वरचे दूध दिलेल्या गटात २०.५ टक्के बालके बाधित झाली. निष्कर्ष सरळ दिसत होता आणि अनेक देशांनी डबाबंद दुधाची वाट धरली.

परंतु दूध विषाणूची वाट असले तरी इतर डझनभर रोगांविरुद्धची तटबंदीही तेच असते. डर्बन येथे अ‍ॅना कुत्सुदिस यांच्या गटाने १९९९ मध्ये दाखवले की तीन महिन्यांपर्यंत निव्वळ अंगावर पाजलेल्या मुलांत बाधेचे प्रमाण १४.६ टक्के होते, तर अंगावरच्या दुधाबरोबर पाणी, वरचे दूध किंवा पेज दिलेल्यांत ते २४.१ टक्के होते. वरच्या अन्नाने बाळाच्या कोवळ्या आतड्याच्या अस्तराला इजा होते आणि दुधातील विषाणूला आत शिरायला जागा मिळते, हे त्याचे संभाव्य स्पष्टीकरण. बोट्स्वानात २००५ अखेरीस आणि २००६ च्या आरंभी अतिवृष्टीने पाणी दूषित झाले, तेव्हा अतिसाराच्या साथीत सरकारने मोफत दिलेल्या डबाबंद दुधावर वाढणारी मुले मोठ्या संख्येने दगावली. त्यांची एचआयव्हीपासून सुटका झाली होती, पण बाटलीतल्या पाण्याने त्यांना गाठले.

या कोंडीतून वाट काढण्याच्या प्रयत्नांत पुण्याचा वाटा मोलाचा आहे. आई अंगावर पाजत असताना बाळालाच रोज औषध दिले तर काय होईल, हे तपासण्यासाठी इथिओपिया, युगांडा आणि भारत या तीन देशांत समांतर चाचण्या झाल्या. भारतातील चाचणी बी. जे. वैद्यकीय महाविद्यालय आणि त्याला जोडलेल्या ससून सर्वसाधारण रुग्णालयात अमेरिकेच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या सहकार्याने पार पडली. जन्मवेळच्या एका डोसाबरोबर सहा आठवड्यांपर्यंत रोज नेव्हिरापिन दिलेल्या बालकांत सहाव्या आठवड्याला २.५ टक्के, आणि केवळ एक डोस मिळालेल्यांत ५.३ टक्के बाधा आढळली. सहा महिन्यांच्या वयापर्यंत हे आकडे ६.९ आणि ९ टक्के असे जवळ आले. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या निकालाचा अर्थ असा होता की औषध चालू असेतो बाळ सुरक्षित असते आणि औषध थांबले, पण दूध चालू राहिले, तर वाट पुन्हा उघडते. जितके दिवस दूध तितके दिवस संरक्षण, या तत्त्वाला त्यातून बळ मिळाले.

हे तत्त्व शेवटास नेले तर बाळाऐवजी आईवरच पूर्ण उपचार करणे अधिक शहाणपणाचे ठरते, कारण तीन औषधांच्या एकत्रित माऱ्याने तिच्या रक्तातील आणि दुधातील विषाणू जवळजवळ नाहीसे होतात, प्रतिरोधी उपप्रकारांना वाव मिळत नाही आणि तीही जगते. खर्चाचा डोंगर आड येत होता. फेब्रुवारी २००१ मध्ये मुंबईच्या सिप्ला कंपनीने तीन औषधांचा वर्षभराचा उपचार ३५० डॉलरना देऊ केला, तेव्हा पाश्चात्त्य कंपन्यांचा दर दहा हजार डॉलरच्या घरात होता. त्यानंतरच्या दशकात भारतीय कारखान्यांतून निघालेल्या गोळ्यांनी किमती आणखी खाली आणल्या. या स्वस्ताईच्या बळावर मलावी या लहानशा गरीब देशाने २०११ मध्ये जे केले ते श्रीमंत देशांनाही सुचले नव्हते. उपचार केव्हा सुरू करायचे हे ठरवण्यासाठी रक्तातील सीडी४ पेशी मोजायची यंत्रे खेडोपाडी नाहीत, मग मोजत बसण्यापेक्षा प्रत्येक बाधित गर्भवतीला आजन्म उपचार सुरू करावेत, असा निर्णय तेथील आरोग्य खात्याने घेतला. जागतिक आरोग्य संघटनेने २०१३ मध्ये या धोरणाला पाठिंबा दिला. भारतात २००२ पासून राष्ट्रीय कार्यक्रमातून नेव्हिरापिनचा एक डोस दिला जात होता, तिथे २०१४ पासून आजन्म उपचारांचे धोरण देशभर आले. भारतासह सात देशांत झालेल्या चाचणीचे २०१६ मधील निकाल या निर्णयाला पुष्टी देणारे होते, कारण गर्भारपणात तीन औषधे मिळालेल्या स्त्रियांच्या बालकांत बाधेचे प्रमाण अर्ध्या टक्क्याच्या आसपास होते, तर मुख्यतः एझेडटीवर भिस्त असलेल्या गटात ते १.८ टक्के होते.

एकदा गुणसूत्रात जोडला गेलेला विषाणू मात्र हटत नाही. अमेरिकेतील मिसिसिपी राज्यात जन्मानंतर सुमारे ३० तासांत उपचार सुरू झालेले एक बालक बरे झाल्याचे २०१३ मध्ये जाहीर झाले होते. औषध सुटल्यानंतर २७ महिने विषाणूचा मागमूस नव्हता, तरी जुलै २०१४ मध्ये तो पुन्हा उफाळून आला. सुप्त पेशींत दडलेली त्याची प्रत शोधून काढण्याचे साधन आजही नाही, म्हणून वाट अडवण्याला पर्याय नाही.

जून २०१५ मध्ये क्यूबा हा आईकडून बाळाला होणारी एचआयव्हीची बाधा संपुष्टात आणल्याचे जागतिक आरोग्य संघटनेचे प्रमाणपत्र मिळवणारा पहिला देश ठरला आणि पुढील वर्षी थायलंडलाही ते मिळाले. उलट बाजूला, संयुक्त राष्ट्रांच्या अंदाजानुसार २०२३ मध्येही जगात सुमारे १,२०,००० बालकांना नव्याने बाधा झाली. यांतील अनेकांच्या आयांपर्यंत उपचार पोचलेच नव्हते, काही जणींचे उपचार मधेच सुटले होते, तर काही जणींना गर्भारपणी चाचणी निर्दोष आल्यानंतर, अंगावर पाजण्याच्या काळात बाधा झाली होती. नव्याने झालेल्या बाधेत रक्तातील आणि दुधातील विषाणूंची संख्या शिखरावर असते आणि त्या वेळी आईला त्याची कल्पनाही नसते. म्हणून गर्भारपणाच्या पहिल्या तिमाहीत एकदा चाचणी करून थांबणे पुरेसे नाही. जिथे धोका संभवतो तिथे ती प्रसूतीच्या सुमारास आणि स्तनपानाच्या काळात पुन्हा व्हायला हवी, आणि बाधित आईचे औषध बाळाचे दूध तुटल्यानंतरही तिच्या स्वतःसाठी अखंड चालू राहायला हवे.